कठडा नसलेले घर

आपल्या नाहूर-भांडुप भागात नव्या इमारती उभ्या राहिल्या, तसे घराघरांत दाराचा कॅमेरा, आज्ञा ऐकणारा स्पीकर, मोबाइलवरून चालणारे दिवे आले. सारे एकाच वायफायवर. जरा जपून म्हटले, की उत्तर ठरलेले असते: 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?' पण धोका फक्त आपल्यालाच असतो का?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी. त्याचा कटाशी संबंध नव्हता; त्याचे वायफाय परक्यांनी वापरले होते. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. या लोकांना गुन्हेगार म्हणणे अन्यायाचे होईल. पण गुन्हा नसला, तरी जबाबदारी उरते का?

आम्हाला वाटते, उरते. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कुणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा नियम अनुवाद ग्रंथात आहे. घरमालक कुणाला ढकलत नाही, तरीही.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच कठडा नसलेले कॅमेरे आणि राउटर हुडकले. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यांत तसाच होता. लाखो यंत्रे ताब्यात गेली आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. मालकांच्या घरी मात्र कॅमेरा नेहमीसारखाच चालू दिसत होता!

मग शेजारच्या मुलाला अभ्यासासाठी वायफाय देऊच नये का? जरूर द्यावे. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क असते. त्याचा पासवर्ड द्यावा. घरचा घरात राहील.

कॅमेऱ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यात समोरच्यांचे दार दिसते, कामाला येणाऱ्या मावशी दिसतात, आणि पुष्कळदा हे चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर जाते. आपण विकत घेताना अटी मान्य केल्या. मावशींना कुणी विचारले?