मरणाऱ्याचं म्हणणं

वर्ध्याचं माणूस मरणाच्या दोन गोष्टी ऐकत मोठं होतं. एक पवनारची. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. थोड्या दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळंच थांबवलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, धाम नदीकाठच्या आश्रमात देह ठेवला. वय ८७. दुसरी गोष्ट सेवाग्रामची, जून १९४७ ची. धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीनं घर सोडलं, सिलोन-ब्रह्मदेशापर्यंत फिरून पाली शिकले आणि मराठी वाचकाला बुद्ध ओळखीचा करून दिला. शेवटी जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या परंपरेतला मार्ग धरून त्यांनी आहार सोडला. आदल्या वर्षी उत्तरेत त्यांनी असाच उपवास मांडला होता, तेव्हा गांधीजींनी आग्रह करून तो सोडवला होता. सेवाग्रामला मात्र तो शेवटास गेला.

या दोघांबद्दल मला आदर आहे. पण मी नोकरीभर परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात. तिथं या गोष्टींचा म्हाताऱ्या माणसांवर होणारा जाच मी पाहिला आहे. ‘मरावं तर असं’ म्हणता म्हणता आपण ‘घाबरू नये’ असा हुकूमच सोडतो. मग भीती वाटणारा म्हातारा लाजतो. रात्री राउंड संपला, मुलगा व्हरांड्यात झोपायला गेला, की तो हळूच विचारतो, “सिस्टर, मी वाचतो ना?” दिवसा लेकासमोर हाच माणूस म्हणत असतो, “आता माझं काय राहिलं, विठ्ठल नेईल तेव्हा नेईल.”

देवळी तालुक्यातले एक शेतकरी होते, पंचाहत्तरीपुढचे. फुफ्फुसात पाणी झालेलं. त्यांच्या उशाशीच नातेवाइकांचं चालायचं: खर्च किती, घरी कधी न्यायचं, वय झालंच आहे की. ऐकू येत नाही असं धरूनच लोक रुग्णासमोर बोलतात. एकदा मी सलाईन बदलत असताना त्यांनी माझा हात धरला. “बाई, मले मरायचं नाई. तूर उभी हाय वावरात.” त्यांच्याइतकं खरं बोलणारा माणूस मला क्वचितच भेटला. जगण्याची इच्छा म्हणजे मोह, तिच्यामुळं वैराग्य उणं पडतं, असं कीर्तनात कितीदा ऐकलं असेल, पण ते मला पटत नाही. ज्यानं आयुष्यभर जमीन कसली त्याला उभं पीक सोडून जाववत नसेल, तर त्यात अधर्म कुठला?

कोसंबींनी ओळखीच्या केलेल्या बुद्धाच्या अखेरची गोष्ट पालीतल्या महापरिनिब्बान सुत्तात आहे. त्यात बुद्ध ऐंशी वर्षांचे आहेत. अंग थकलं आहे. शरीर दोऱ्यांनी बांधून कसंबसं चालवलेल्या जुन्या गाडीसारखं झालं आहे, असं ते स्वतः सांगतात. मरण जवळ आल्यावर त्यांचा सेवक शिष्य आनंद विहारात जाऊन, दाराला टेकून रडू लागतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात. शोक करू नकोस, जे जन्मलं ते जाणारच, असं सांगतात. मग इतक्या वर्षांच्या त्याच्या सेवेचं सगळ्यांसमोर मनापासून कौतुक करतात. मला या सुत्तातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. मरण एकट्याचं नसतं. शेजारी एक आनंद असतो आणि त्याच्याशी बोलावं लागतं.

पवनार आणि सेवाग्रामकडेही मी आता असंच बघते. विनोबा निर्भय होते, कोसंबी दृढ होते, हे खरंच. पण विनोबांच्या भोवती त्यांच्या ब्रह्मविद्या मंदिर आश्रमातल्या भगिनी होत्या. विनोबांवर त्यांची माया होती. तरी कुणी जबरदस्तीनं सलाईन लावलं नाही. कोसंबींनी निर्णय सांगितला तेव्हा तो ऐकणारी, त्यांच्याशी वाद घालणारी आणि अखेर मान्य करणारी माणसं होती. संताच्या अंगचं धैर्य आपण कुठून आणणार? त्यांच्या खाटेशी असलेल्यांनी जे केलं, ते मात्र कुणालाही करता येण्यासारखं आहे.

जो बोलूच शकत नाही त्याचं काय, हा प्रश्न आम्हा परिचारिकांना अरुणा शानबाग यांनी घातला. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर अत्याचार झाला, त्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षांच्या आसपास, त्या तिथंच खाटेवर होत्या. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. त्यांना मरण द्यावं अशी मागणी न्यायालयात गेली तेव्हा याच परिचारिकांनी विरोध केला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मागणी फेटाळली. त्या सेवेपुढं मी हात जोडते. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे जाणून घ्यायला कुणाकडेच वाट नव्हती.

आता थोडी वाट आहे. २०१८ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची किचकट रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यात कागद होतो. बरं होण्याची आशा संपली आणि मला बोलता येईनासं झालं, तर नळ्या-व्हेंटिलेटर किती लावायचं, ते त्यात आधीच लिहून ठेवता येतं.

मी माझं लिहायला घेतलं तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, भरल्या घरात असलं अभद्र बोलू नकोस.” तो उठून गेला. सुनेनं कागद पुढं ओढला, पूर्ण वाचला आणि विचारलं, “आणि तेव्हा तुम्हाला जगावंसं वाटलं तर?”

मी म्हटलं, शुद्धीत असेन आणि बोलता येत असेल, तर हा कागद बाजूला ठेव. तेव्हा जे सांगेन तेच माझं म्हणणं. घाबरून बोलले तरी. तिनं हे वाक्य शेवटी वेगळं लिहून घ्यायला लावलं, आणि मग साक्षीदार कोण घ्यायचे याबद्दल आम्ही बोलायला लागलो.