सॉरी

सकाळी सातला दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते. शाळेला उशीर झालेला वरच्या मजल्यावरचा मुलगा धावत उतरला, त्याच्या दप्तराचा धक्का लागला आणि पिशवी हातातून सुटून पायरीवर फुटली. “सॉरी काकू!” हे शब्द कानावर आले तोवर तो फाटकापाशी पोचलाही होता. मुलगा गुणी आहे, त्याचा राग नाही आला. पण पायरी पुसताना तो शब्द मनातून जाईना, कारण रात्रीपासून तोच माझ्या फोनवरही पडून आहे. मैत्रिणीची आई गेली त्याला आज बारा दिवस झाले. मी गेले नाही. काल रात्री तिला निरोप लिहायला घेतला, ‘सॉरी’ एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना.

हा शब्द इंग्रजीत फार जुना. त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला ‘सार’ आहे, म्हणजे दुखणं, जखम. घसा धरला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, तो ‘सोअर’ याच घरातला. दुःख सांगणारा ‘सॉरो’ याचा सख्खा भाऊ वाटतो खरा, पण त्याचं मूळ वेगळं. दोघं शेजारी राहून एकसारखे दिसू लागले इतकंच. तेव्हा ‘सॉरी’ म्हणजे मुळात ‘मला दुखतंय’. म्हणूनच इंग्रजी बोलणारा माणूस धक्का लागला तरी सॉरी म्हणतो आणि कुणी गेल्याचं कळलं तरी सॉरीच म्हणतो. आपण शब्द उचलला तो धक्क्याचा. मरणाच्या दारात आपल्या तोंडी अजूनही ‘फार वाईट वाटलं’ हेच येतं.

आणि चूक झाली तर? आपल्याकडे त्यासाठी शब्दांचा तोटा कधीच नव्हता. ‘क्षमा’ संस्कृतातून आली. तिथं पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, सगळं सोसते म्हणून. ‘माफ’ अरबीतून आला. ‘दिलगीर’ फारसीतून, म्हणजे ज्याचं काळीज धरलं गेलंय तो. किती सुंदर शब्द, आणि आज तो उरला आहे रेल्वेच्या फलाटावर, गाडी उशिरा आल्याच्या घोषणेत. पण घरात, ओसरीवर, देण्याघेण्यात वावरले ते वेगळेच. ‘चुकलं माझं.’ ‘राग मानू नका.’ लेकीची पाठवणी करताना आई विहिणीचा हात धरून म्हणते, ‘काही चुकलं-माकलं तर पोटात घाला.’ पोटात घालायचं म्हणजे आपलंसं करून टाकायचं, पुन्हा बाहेर काढायचं नाही. हिशेबाच्या कागदाखाली लिहीत, ‘चू. भू. द्या. घ्या.’ चूक तुमच्याकडून असो की आमच्याकडून, द्यायची आणि घ्यायची. दोन्ही बाजूंना मोकळं करणारी चारच अक्षरं.

यांतल्या बहुतेकांत मला एक गोष्ट दिसते. माफ करा, पोटात घाला, द्या-घ्या: प्रत्येकात समोरच्या माणसाला काहीतरी करायचं असतं. त्यासाठी तो समोर लागतो आणि त्याच्या उत्तरापर्यंत थांबावं लागतं. ‘सॉरी’ला थांबावं लागत नाही. तो म्हणणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगतो आणि तिथंच पुरा होतो. जिन्यातून पळतापळता म्हणता येतो तो त्यामुळेच.

पण म्हणून तो शब्द हलका ठरत नाही. ऑस्ट्रेलियात या एका शब्दासाठी एक अख्खा समाज वर्षानुवर्षं थांबला. साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या सरकारांनी आणि मिशनांनी आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांत नेऊन ठेवली. १९९७ साली ‘ब्रिंगिंग देम होम’ हा चौकशी अहवाल संसदेपुढे आला आणि त्यानं जाहीर माफीची शिफारस केली. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी ठराव आणला, पण त्यात शब्द होता खेदाचा. मागच्या पिढ्यांनी केलेल्याची माफी आजच्या पिढीनं मागू नये, अशी त्यांची भूमिका होती. कोशात खेद आणि सॉरी शेजारी बसतात. ज्यांची मुलं नेली त्यांना दोन्हींतलं अंतर कळत होतं. खेद दुरूनही करता येतो, पावसानं सामना रद्द झाला तरी होतो. २८ मे २००० रोजी सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून सुमारे २,५०,००० माणसं चालली आणि वर आकाशात विमानानं धुराची अक्षरं काढली: सॉरी. संसदेत तो शब्द उच्चारला गेला १३ फेब्रुवारी २००८ला. पंतप्रधान केव्हिन रड यांनी तो उच्चारला तेव्हा सभागृहात ती मुलं बसली होती, म्हातारी झालेली. कित्येकांच्या आया ऐकायला उरल्या नव्हत्या.

तिथल्या आदिवासी समाजांत ‘सॉरी बिझनेस’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा माफीशी संबंध नाही. कुणी गेलं की गोतावळा लांबून लांबून गोळा होतो, कामं थांबतात, काही दिवस किंवा काही आठवडे सगळे मिळून दुःख करतात, त्याला ते सॉरी बिझनेस म्हणतात. जायचं, बसायचं, सोबत रडायचं. शब्दाच्या मुळातली जखम तिथं अजून ओली आहे. आपल्याकडे याला ‘भेटायला जाणं’ म्हणतात. दारात चप्पल काढायची, काही न बोलता शेजारी बसायचं, निघताना ‘येते’ न म्हणता उठायचं.

पायरी पुसून झाली. फोन उघडून ‘सॉरी’ पुसला. लिहिलं, ‘चुकलं माझं. तेव्हाच यायला हवं होतं. घरी आहेस ना?’

तिचं उत्तर आलं, ‘ये.’

नऊची एसटी आहे.