दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे

तळेगाव–चाकण रस्त्याने इंदुरीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती रंगवलेली भिंत या आठवड्यात पाहिलीच आहे. सेनापती उमाबाई दाभाड्यांच्या चित्रावर वाढदिवसाचा फ्लेक्स. तोही दोरीने बांधलेला नाही, खिळ्यांनी ठोकलेला. एक खिळा घोड्याच्या मानेत, एक ढालीत, बाकीचे शेजारच्या वारीच्या चित्रात, टाळकऱ्यांच्या अंगावर.

हटकलं तर उत्तर तयार होतं. "दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे काका, काढतोच की." परवानगी घेतलीय, सगळेच लावतात, हेही कानावर आलं. ते नेहमीचंच. पण हे 'दोन दिवस' मला सहन होत नाहीत.

ते कधीच दोन नसतात. लोकांना कळावं म्हणून फ्लेक्स वाढदिवसाच्या आधीच चढतो. नंतर तसाच राहतो, कारण काढायचं काम कुणालाच सांगितलेलं नसतं. लावताना टेम्पो, शिडी, आठ-दहा पोरं, वर चढून फोटो. उतरवताना कुणी फिरकत नाही. वारा सुटतो, कोपरा फाटतो, चिंधी महिनाभर फडफडत राहते. तेवढ्यात पुढच्याचा वाढदिवस येतो आणि त्यालाही दोनच दिवस हवे असतात. मग गणपती, नवरात्र, दिवाळीच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावी सरपंच. प्रत्येकाचे दोन दिवस त्या भिंतीच्या खात्यावर मांडा आणि सांगा, ती वर्षातून मोकळी कधी दिसते? शिवाय फ्लेक्स उतरला तरी भोकं उरतात. त्यातून पाणी आत जातं, गिलावा फुगतो, रंगाचे पोपडे सुटतात. मावळातला पाऊस भिंतीचं काय करतो, हे इथल्या माणसाला मी सांगायला नको. फ्लेक्स लावणाऱ्यांचे दोन दिवस संपतात, चित्र मात्र कायमचं जातं. खिळा ठोकणाऱ्या हाताला हे कळत नाही, असं मी मानत नाही.

आणि हे चित्र काढतं कोण? आपल्याकडे गावोगावी बोर्ड पेंटर होते. दुकानाची पाटी, टेम्पोच्या पाठीवरची अक्षरं, सिनेमाचे फलक, निवडणुकीच्या भिंती त्यांच्याच हातच्या. फ्लेक्सची छपाई आली आणि काही वर्षांत त्यांचा धंदा बसला. मोत्यासारखं अक्षर काढणारे हात घरांच्या भिंतींना रोलर मारू लागले. 2016 मध्ये स्वच्छ सर्वेक्षण आलं, 2020 मध्ये माझी वसुंधरा अभियान आलं, भिंती रंगवायची कामं निघाली आणि त्यातल्या काहींच्या हाती पुन्हा ब्रश आला. ज्या फ्लेक्सने त्यांची रोजी घेतली, तोच आता त्यांच्या चित्राच्या छाताडावर ठोकला जातो. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

रंगवलेल्या भिंतींचं दुसरं एक उदाहरण बघा. मुंबईत घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवरची वस्ती डिसेंबर 2017 मध्ये 'चल रंग दे' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून ती दिसते. रंगाने गळकं छप्पर बंद होत नाही, नळाला पाणी वाढत नाही, असं तेव्हाही लोक म्हणाले आणि ते खरंच आहे. पण तिथली भिंत कुणाच्या तरी घराची आहे. तिच्यावर खिळा ठोकायचा तर आधी दारात बसलेल्या बाईला विचारावं लागतं. आपल्या रस्त्यावरची भिंत सगळ्यांची, म्हणून कुणालाच विचारायचं नाही, असं आपण ठरवून टाकलं आहे. खरं तर तिथे जास्त जणांना विचारायला हवं.

1731 साली डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडल्यावर उमाबाईंनी सेनापतिपदाचा भार उचलला. त्यांच्या नवऱ्याने, खंडेरावांनी बांधलेली गढी इंदुरीत आजही उभी आहे. गढीवर कडजाईच्या दर्शनाला आपण जातो, पण ती कुणी बांधली, हे किती मुलांना सांगतो? त्या भिंतीने ते काम केलं होतं. शाळेत जाणारी पोरगी चालता चालता उमाबाईंकडे बघत होती. आता ती गॉगल घातलेल्या बारा चेहऱ्यांकडे बघते.

वाढदिवसाला माझा विरोध नाही. हौस असेल तर मोकळ्या जागेत बांबू रोवा, तिथे लावा, वेळेवर उतरवा. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा राज्यात 1995 पासून आहे, पण त्याच्यावर विसंबून राहायचं मी कधीच सोडलं आहे. म्हणून थेट त्यालाच सांगतो, ज्याचा वाढदिवस झाला. बाबा रे, पोरांना पाठवू नकोस, स्वतः जा. फ्लेक्स उतरव, खिळे काढ, भोकं लांबी भरून बुजव. मग त्या पेंटरला बोलाव, उमाबाईंचं चित्र पुन्हा नीट करून घे, आणि त्याची मजुरी त्याच दिवशी त्याच्या हातात दे.