समाचाराचा धर्म

आजाऱ्याच्या समाचारास जाणें हा आपल्या समाजांत केवळ शिष्टाचार नव्हे, धर्मच मानला जातो. जो गेला नाहीं, त्याचें न जाणें वर्षानुवर्षें लोकांच्या स्मरणांत राहतें. परंतु न जाणें हाच धर्म ठरावा असाही प्रसंग येतो काय, हा प्रश्न आम्हांस गेल्या पावसाळ्यांत पडला.

सांगलीच्या आमच्या एका स्नेह्यांच्या तरुण मुलास रक्ताचा कर्करोग झाला आणि थोरल्या बहिणीची अस्थिमज्जा देऊन त्याचा जीव वांचविण्यांत आला. तो घरीं परतल्याचें कळतांच आम्ही साताऱ्याहून कंदी पेढे व गुळवेलीचा काढा घेऊन निघालों. वहिनींनीं आम्हांस दारांतच थांबविलें. "भावोजी, राग मानूं नका, पण आंत येऊं नका." पेढेही त्यांनीं हात जोडून परत केले. परतीच्या वाटेवर कऱ्हाड आलें तरी आमचा दुखावलेला अभिमान शांत झाला नव्हता.

पुढें थोडें वाचन केलें, तेव्हां वहिनींची बाजू कळली. या चिकित्सेबद्दल अमेरिकेच्या डॉ. थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत ती १९८३ सालीं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं प्रथम यशस्वी केली. तींत रोग्याची जुनी मज्जा तीव्र औषधांनीं नष्ट करून दात्याच्या मूळ पेशी शिरेवाटे सोडतात. जंतूंवर प्रथम तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी दोन ते चार आठवड्यांत दिसूं लागतात. परंतु शत्रूची ओळख धरणाऱ्या पेशींचें बळ पुरतें येण्यास वर्ष-दोन वर्षेंही लागतात, कारण त्यांपैकीं पुष्कळांचें शिक्षण छातीच्या हाडामागील ज्या ग्रंथींत होतें, ती वयाबरोबर आक्रसत जाते. लहानपणीं टोचलेल्या लसींचें बळही बहुधा ओसरतें. पंचविशीचा तरुण या बाबतींत पुन्हां तान्हें मूल होतो. कांहीं महिन्यांनीं त्याच्या लसी पहिल्यापासून सुरू होतात, आणि गोवरासारखी जिवंत लस तर सहसा दोन वर्षांच्या आंत देतच नाहींत. बाजारच्या मिठाईंतील जंतूही अशा शरीरास भारी पडूं शकतात.

आमच्या काढ्याची गोष्ट अधिकच उद्बोधक आहे. दात्याच्या पेशी कधीं कधीं नव्या शरीरासच परकें समजून त्यावर उठतात. म्हणून डॉक्टर त्यांस कित्येक महिने औषधांनीं मुद्दाम आवरून धरतात. आणि आम्ही 'शक्ति वाढावी' म्हणून काढा नेला होता! गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं नोंदविले आहेत.

मग आम्ही सांगलीस गेलों तें कोणासाठीं? प्रामाणिकपणें पाहतां, बरेंचसें आपल्याच समाधानासाठीं. आपली मदत कोणाच्या तरी डोळ्यांस दिसावी, ही इच्छा भल्या मनुष्यासही सुटत नाहीं. परंतु येथें शरीर आपल्याच गतीनें सावरत असतें; आपल्या मायेनें त्याची घाई होत नाहीं. आपण फार तर त्याच्या वाटेंत न येण्याची काळजी घ्यावी.

यावर कोणी म्हणेल कीं, हा उपदेश उदासीन लोकांस फार सोयीचा आहे. शिवाय महिनोन्महिने एकटें पडणें हेंही एक दुखणेंच आहे. दोन्ही आक्षेप खरे आहेत. परंतु उदासीन मनुष्यास न जाण्याबद्दल कांहींच मोजावें लागत नाहीं. ज्यास माया आहे त्यास तें न जाणें सलत राहतें, आणि म्हणूनच तो स्वस्थ बसत नाहीं. तो पत्र लिहितो, दूरध्वनीवर तासभर गप्पा मारतो, रक्तपेढींत जाऊन रक्त देतो. न जाण्याचा धर्म एवढें सारें पाळल्यावरच धर्म ठरतो, असें आम्हांस वाटतें.

डॉक्टरांनीं मुभा दिली म्हणजे आम्ही पुन्हां सांगलीस जाणार आहों. इन्फ्लुएंझाची लस मात्र आम्हीं साताऱ्यांत आतांच टोचून घेतली. ती कोणासाठीं घेतली, हें त्या मुलास कळविलेलें नाहीं.