खरे किती सांगावे?

माणसाने नेहमी खरे बोलावे की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार चघळला आहे. जर्मनीत कान्ट नावाचे थोर गृहस्थ होऊन गेले. खुनी माणूस दारात येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राची चौकशी करू लागला, तरी त्याच्याशीदेखील खोटे बोलू नये, असे त्यांनी १७९७ साली लिहून ठेवले आहे. कान्टसाहेब जन्मभर अविवाहित राहिले. त्यामुळे बायकोचे वजन चारचौघांत सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही. तो माझ्यावर आला.

मी बँकेत कारकून. कर्ज विभागात बसून वर्षानुवर्षे लोकांचे अर्ज तपासतो आहे. त्यावरून मी खोट्याचे दोन मूळ प्रकार पाडले आहेत: फुशारकीचे खोटे आणि विनयाचे खोटे. कर्जाच्या अर्जात माणसाचे उत्पन्न पुरणपोळीसारखे फुगते. त्याच माणसाचे, त्याच वर्षाचे उत्पन्न प्राप्तिकराच्या कागदावर निर्जळी एकादशी केल्यासारखे वाळून जाते. दोन्हींत नुकसान झालेच तर बँकेचे किंवा सरकारचे, म्हणजे कोणाचेच नाही, अशी आपली प्रामाणिक समजूत असते.

या समजुतीला तडा जाईल असा एकच फॉर्म मी आजवर पाहिला. तो गुलमर्गला.

बँकेच्या प्रवास सवलतीवर आम्ही चौघे आणि साडूंचे कुटुंब असे ऐन जानेवारीत तिकडे गेलो होतो. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंच. इंग्रजांनी १९२७ साली तिथे स्की क्लब काढला आणि २०२० साली खेलो इंडियाचे हिवाळी खेळही तिथे झाले. दोन टप्प्यांचा गोंडोला आधी कोंगडोरीला आणि मग अफरवटला घेऊन जातो. पण नवशिक्यांचे सगळे शिक्षण खाली, गावालगतच्या सौम्य उतारावर. तिथे घसरायला मिळण्याआधी पाय आडवे टाकीत चढावे लागते. इतके कष्ट करून माणूस पुन्हा खालीच येतो, हे पाहून मला आमच्या बँकेतल्या बढत्या आठवल्या.

शिकवणी ठरवणे म्हणजे दर ठरवणे, असे धरून सौ. घासाघिशीच्या पूर्ण तयारीनिशी आली होती. पण फेरन घातलेल्या वयस्कर उस्तादांनी दराचा विषयच काढला नाही. त्यांनी वही उघडली आणि विचारले, "पहले कभी किया है? उम्र? क़द? वज़न?"

"वजन कशाला हवंय यांना?" सौ. माझ्या कानात म्हणाली. "किलोवर शिकवतात की काय?"

उस्तादांनी समजावले ते असे. स्कीच्या पट्टीला बूट एका खटक्याने अडकवलेला असतो. माणूस वेडावाकडा पडला की तो खटका सुटला पाहिजे, नाहीतर ती लांबलचक पट्टी पायाला पिळून नडगी मोडते. आणि उगाचच सुटलाही नाही पाहिजे, नाहीतर चालत्या उतारावर पट्टी एकीकडे आणि आपण दुसरीकडे. तो किती जोर बसल्यावर सुटावा, याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला कितपत येते, यावरून ठरवतात. वजन चोरलेत तर खटका नको तेव्हा सुटणार. येत नसलेले येते म्हणून सांगितलेत तर हवा तेव्हा सुटणार नाही. एवढे करूनही गुडघ्याची पूर्ण हमी तो देत नाहीच. हमीची कलमे सगळीकडे सारखीच.

म्हणजे माझे दोन्ही प्रकार इथे हजर! फरक एवढाच की भुर्दंड सरकारच्या नडगीला नाही, स्वतःच्या.

इतके ऐकूनही साडू म्हणाले, "थोडा थोडा आता है." साडूंनी लहानपणी सिमल्याला बर्फ पाहिला होता. उस्तादांनी मान डोलावली आणि वहीत 'नवशिका' असे लिहिले. सौ.ने वजन सांगितले बावन्न. उस्तादांनी फक्त एकदा वर पाहिले.

"बहनजी, ये राशन कार्ड नहीं है," असे म्हणून त्यांनी कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवला. काट्यावर काय आले ते मी इथे लिहिणार नाही. मला याच घरात राहायचे आहे.

तेवढ्यात आमचे चिरंजीव, वय वर्षे अकरा, माझी बाही ओढून हळूच म्हणाले, "बाबा, मी किती सांगू?"

किती आहे, असे त्याने विचारले नाही. किती सांगू, असे विचारले. थंडी तर होतीच, पण मला भरलेले कापरे तिचे नव्हते. आपल्याकडच्या मुलाला वय म्हणजे गरजेप्रमाणे बदलणारी वस्तू वाटते. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला एक आणि पाहुण्यांपुढे कौतुकाला दुसरे.

"आहे तेवढं सांग," मी म्हणालो.

"पैसे जास्त पडतील?"

"नाही रे, पाय वाचेल."

"अकरा वर्षं. चौतीस किलो. कुछ भी नहीं आता," चिरंजीव खणखणीत आवाजात म्हणाले. उस्तादांनी आकडे लिहून घेतले. काट्याकडे बोटदेखील केले नाही.

खोट्याची शिक्षा खोटे बोलणाऱ्याला होते, असे पुराणे सांगतात. अर्धेच खोटे बोलल्यावर धर्मराजाचा चार बोटे अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. पण कर्ज विभागातला माझा अनुभव निराळा आहे. सगळेच फुगवून लिहितात हे ठाऊक असल्याने साहेब प्रत्येकाच्या आकड्याला कात्री लावतात. त्यात ज्याने खरे लिहिले त्याचाही आकडा कापला जातो. फुगवणाऱ्याला हवे तेवढे मिळते, खरे लिहिणारा हात हलवीत जातो. मग पगाराची पावती आण, सहा महिन्यांचे खातेउतारे आण, जामीनदार आण. हे सगळे वजनकाटेच. पहिल्या शंभर जणांनी बावन्न सांगितले, म्हणून एकशे एकाव्याला काट्यावर उभे राहावे लागते.

तेव्हा कान्टसाहेबांचा खुनी बाजूला ठेवू. तो आपल्या दारात सहसा येत नाही, येतात ते फॉर्म. आपण खरे सांगतो तेव्हा समोरच्यावर उपकार करीत नाही. आपल्या मागे रांगेत जो उभा आहे, त्याच्या शब्दाची पत तेवढी राखतो. आणि बऱ्याच वेळा त्या रांगेत आपलेच पोर उभे असते.