अनोळखी शहराची मोकळीक

गौरी शिंदे यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट ५ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा पंधरा वर्षांनी पडद्यावर परतलेल्या श्रीदेवी यांच्या अभिनयाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र परक्या शहरात माणूस बदलतो म्हणजे नेमके काय घडते, या चित्रपटाच्या गाभ्यातील प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. पुण्याची शशी गोडबोले लाडू करून विकते, इंग्रजी येत नाही म्हणून नवऱ्याच्या आणि शाळकरी मुलीच्या थट्टेचा विषय होते, आणि भाचीच्या लग्नासाठी घरच्यांच्या आधी एकटीच न्यूयॉर्कला बहिणीकडे गेल्यावर तेथे चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात गुपचूप नाव घालते. या व्यक्तिरेखेमागे पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करणारी दिग्दर्शिकेची आई आहे.

शशीला न्यूयॉर्कने घडवले, असे सहज म्हटले जाते, पण चित्रपट बारकाईने पाहिला तर ते पटत नाही, कारण कष्ट, हिशेब, चव आणि चिकाटी हे तिचे सगळे भांडवल ती पुण्याहून घेऊनच निघालेली असते. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ च्या महानगरावरील निबंधात असे मांडले होते की मोठ्या शहराची माणसाविषयीची उदासीनता त्याला एकटे पाडते, पण लहान गावात न मिळणारे स्वातंत्र्यही देते. या अनामिकतेचा, म्हणजे आपल्याविषयी कोणाचेही मत आधीच ठरलेले नसण्याच्या स्थितीचा, शशीला प्रथम चटकाच बसतो. कॉफीच्या दुकानात साधी मागणी नोंदवताना ती रडवेली होऊन बाहेर पडते. पुढे मात्र त्याच अनामिकतेमुळे वर्गात तिच्या लाडवांची ओळख 'घरचा उद्योग' अशी न होता व्यवसाय अशी होते, आणि शिक्षक तिला उद्योजिका म्हणतात. मेक्सिकन आया, पाकिस्तानी टॅक्सीचालक, फ्रेंच आचारी आणि तमिळ अभियंता अशा त्या वर्गात सगळ्यांचेच इंग्रजी मोडके असल्यामुळे मोडकेपणाची लाज कोणालाच वाटत नाही. चित्रपटाचा सर्वांत श्रेष्ठ भाग हाच आहे.

शेवटाविषयी मात्र आक्षेप घ्यावा लागतो. लग्नाचे लाडू पुन्हा वळावे लागल्याने शशीची वर्गाची परीक्षा हुकते, आणि लग्नाच्या मेजवानीत ती इंग्रजीतून भाषण करते तेव्हाच नवऱ्याला आणि मुलीला तिची किंमत कळते. म्हणजे ज्या मापाने तिचा अपमान झाला, त्याच मापाने तिचा सन्मानही मोजला जातो. परतीच्या विमानात ती इंग्रजी वर्तमानपत्राऐवजी हिंदी मागते, त्यामुळे हा तोल काहीसा सावरतो, तरी गोडबोले आडनावाची पुणेकर बाई मराठी नव्हे तर हिंदी वर्तमानपत्र मागते, हे मराठी प्रेक्षकाला खटकल्याशिवाय राहत नाही.

चित्रपट हिंदी असल्याने ते अपरिहार्य असेल, पण त्यामुळे मराठीच्या आतली, प्रमाणभाषा आणि बोलींची उतरंड त्यात येऊ शकत नाही, आणि बडनेऱ्यातून पाहताना तीच अधिक जवळची आहे. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील या जंक्शनवरून, जेथून अमरावतीचा फाटा फुटतो, शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यामुंबईच्या गाड्या धरणाऱ्या वऱ्हाडी मुलीला परके शहर गाठायला समुद्र ओलांडावा लागत नाही. शशीचे पुणे हे अपमानाचे घर आहे. या मुलीसाठी तेच पुणे घरच्या नजरेपासून मोकळीक देणारे शहर असते, आणि 'मले', 'तुले', 'काहून' ऐकताच तिची पायरी ठरवणारेही असते. न्यूयॉर्कच्या वर्गात शशीला सोबती मिळतात, कारण तेथे इंग्रजी न येणे ही उघड मान्य केलेली अडचण आहे; वऱ्हाडी मुलीला मात्र मराठी येतच असते, म्हणून तिच्यासाठी असा वर्ग नसतो, सोबती नसतात, आणि बोली सोडण्याचे काम ती एकटीने, कोणाला न सांगता करते. शशीच्या पदरी एका भाषेची भर पडते आणि पहिली शाबूत राहते, तर हिला एक मिळवताना दुसरी लपवावी लागते. विमानात इंग्रजी सोडून हिंदी वर्तमानपत्र मागण्याची जी मोकळीक शशीला शेवटी मिळते, ती पुण्यातल्या मुलाखतीत 'मले' म्हणू पाहणाऱ्या मुलीला अजून मिळालेली नाही.