भुताची फिर्याद

भुताचा सिनेमा पाहून आलेल्याला शहरात पहिल्यांदा विचारतात, ‘घाबरलास का?’ बीड जिल्ह्यातल्या आमच्या चौसाळ्याकडं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असतो, ‘ते भूत झालं कशानं?’ सांगणाऱ्याला याचं उत्तर नीट देता आलं तर सिनेमा चांगला. नाही देता आलं, तर पडद्यावर किती का किंकाळ्या असेनात, ‘उगंच काहीतरी’ एवढ्यावर विषय मिटतो. कमी पैशात काढलेल्या भयपटांवरची लोकांची मतं ऐकताना मला वाटतं, की ती सगळी या पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरत असतात. तोंडावरचा रबरी मुखवटा हलला, रक्ताचा रंग टोमॅटोच्या सॉससारखा दिसला, तर प्रेक्षक हसतो आणि सोडून देतो. भुताची बाजू कच्ची निघाली, तर मात्र सोडत नाही.

याचं कारण शोधायला सिनेमाच्या आधी जावं लागतं. आपल्याकडं नुसतं भूत नसतंच. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीच्या आत गेला तर त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर बसतो. पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. म्हणजे नुसतं नाव घेतलं की मरणाचं कारण आणि मागं राहिलेली इच्छा, दोन्ही सांगून झालेलं असतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की जमलेली माणसं हात जोडून एकेक कबूल करत जातात: पोरीचं लग्न लावून देतो, भावाचा वाटा देतो, म्हातारीला अंतर देणार नाही. नेमकं राहिलेलं बोललं गेलं की कावळा येतो, असं मानतात. यावर माझा विश्वास नाही. आसपास कावळेच उरले नाहीत, हे कारण मला जास्त पटतं. पण ज्यांनी लहानपणापासून हे पाहिलंय, त्यांना मेलेल्याचंही काही मागणं असतं हे समजावून सांगावं लागत नाही. तिकीट काढून बसलेला हा प्रेक्षक दिग्दर्शकाकडं दोन तास तेच मागत असतो. याचं काय राहिलं होतं, ते सांग.

आपल्याकडच्या स्वस्त भयपटाचा जन्मच प्रेक्षकांच्या एका मतातून झाला. रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ 1970 साली आला आणि पडला. पण त्यात एक दृश्य होतं. पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करायला येतात. बाकी सिनेमा लोकांना आवडला नाही, तेवढ्या दृश्याला मात्र ते दचकत होते, खूश होत होते. तुलसी आणि श्याम या रामसे भावांनी ते हेरलं आणि वडिलांना गळ घातली की पूर्ण सिनेमाच असा काढू. सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं, घरचीच माणसं दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज सांभाळायला उभी राहिली आणि 1972 मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. तो चालला.

मुखवट्यामुळं चालला, असं सहसा सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या सिनेमातलं प्रेत म्हणजे बायकोनं आणि तिच्या साथीदारांनी मारून पुरलेला नवरा. तो उठून आला, तर त्याला हक्क आहे, असं मागच्या बाकावरच्या माणसालाही वाटतं. 1984 च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या सैतानाचं मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं ठेवलेलं असतं, आणि ज्या राजानं हे केलं त्याच्या वंशातल्या बायका बाळंतपणात मरतील असा सामरीनं शाप दिलेला असतो. सामरी काही निरपराध नव्हे, पण धड आणि मुंडकं एक व्हावं एवढं त्याचं मागणं कुणालाही कळतं. अनिरुद्ध अगरवाल यांची उंची आणि चेहरा होताच. नुसत्या उंचीवर मात्र व्हिडिओ सेंटरवाल्यांनी ती कॅसेट इतकी वर्षं फिरवली नसती. ‘झपाटलेला’चंही तेच. 1993 मधला तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांनी केलेला एक बाहुला. पण तो बाहुल्यात अडकलाय आणि त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरून बाहेर पडायचंय, हे पोरासोरांनाही पाठ आहे.

इथं कुणी म्हणेल, की हा गावाकडचा हट्ट झाला. खरी भीती कारण न कळण्यातच असते. त्यासाठी ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा दाखला हमखास येतो. 1999 चा सिनेमा, हातातल्या कॅमेऱ्यावर नगण्य पैशात काढलेला, तीन पोरं जंगलात वाट चुकतात आणि चेटकीण एकदाही दिसत नाही. काही प्रेक्षक थरथरले, काहींना पैसे परत हवे होते. शेवटी एक जण भिंतीच्या कोपऱ्याकडं तोंड करून उभा दिसतो आणि संपतं. हा शेवट कळायला सुरुवातीची एक मुलाखत लक्षात असावी लागते. पूर्वी एका माणसानं मुलांना मारलं, तेव्हा एकाला मारताना दुसऱ्याला तो कोपऱ्यात तोंड करून उभा करायचा. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा लोकांना शेवटाचा अर्थ लागेना, म्हणून दिग्दर्शकांनी तो खुलासा नंतर चित्रित करून जोडला. अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही शेवटी हेच हवं होतं. आपल्याकडं ते तोंडानं मागतात, एवढाच फरक.

बीड जिल्ह्याला या सगळ्यात सर्वांत जवळचा सिनेमा म्हणजे विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’. तो 2017 च्या जुलैमध्ये आला. पूजा सावंतची नेहा आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्यानं पैसे बुडवलेत, मागं वसुलीवाले लागलेत, म्हणून ड्रायव्हर त्यांना आपल्या घरी लपवायला आणतो. घर उसाच्या मधोमध. घरात ड्रायव्हरची बायको तुळसाबाई. हे काम उषा नाईक यांनी असं केलंय की ती मायेनं जवळ घेते तेव्हाच पोटात गोळा येतो. उसात मुलं लपाछपी खेळत असतात, आणि ती जिवंत नसतात. मोजकी माणसं, एक घर, एक शेत. खर्चाची बाजू तिथंच आटोपली.

यावर मी दोन तऱ्हेची मतं ऐकली. एक, उसामुळं फार भीती वाटली. दुसरं, उसाची कसली भीती? हे दुसरं मत आमच्याकडचं. दसरा-दिवाळी झाली की या भागातली माणसं टोळीनं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेस्तोवर पाचसहा महिने कोपीत राहायचं, पहाटेच्या अंधारात फडात शिरायचं, लेकरू बांधावर झोपवायचं. त्यांना पाचटाची सळसळ ऐकून काय वाटणार? बिबट्या आणि साप यांची भीती त्यांना आहे, ती दिग्दर्शकाच्या कल्पनेतली नाही. उसात हरवण्याच्या ज्या दृश्यांना शहरात लोक खुर्ची घट्ट धरतात, तिथं तोडणीवाला म्हणतो, ‘सरीनं सरळ चाल की बाई, बांध लागंल.’

आणि तरी हाच माणूस ‘लपाछपी’ला उगंच म्हणत नाही. कारण ती लेकरं तशी का झाली, हे कळतं तेव्हा त्याला कल्पना लढवावी लागत नाही. मुलगी नको म्हणून जे घडतं, त्याची ती भुतं आहेत. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. दहा वर्षांआधी हा आकडा 894 होता. 2012 मध्ये परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघड झालं आणि जिल्ह्याचं नाव देशभर झालं. न जन्मलेल्या मुलींना आपल्या लोककथेत मुंजा-हडळीसारखं वेगळं नावही नाही. गर्भातच लिंग कळण्याची सोय नवी, म्हणून हे भूतही नवं. ‘लपाछपी’नं त्याला अंगण दिलं, ही त्याची खरी कमाई.

म्हणून सिनेमा निर्दोष आहे, असं नाही. शेवटाकडं तो भुतांचं मागणं आपल्याला बोलून दाखवतो, वर समजावूनही सांगतो. तोवर पाहणाऱ्याला सगळं कळून चुकलेलं असतं. ‘शेवटी भाषण झालं’ ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकली, ते काही मुलींच्या बाजूचे नव्हते अशातला भाग नाही. मेलेल्यांची बाजू मेलेल्यांनी मांडावी, ती मांडायला वकील आला की भीती उठून जाते. फुरियांनीच 2021 मध्ये ‘छोरी’ या नावानं याचं हिंदी रूप केलं, नुसरत भरुचाला घेऊन. तिथं पैसा जास्त, माणसं जास्त, आणि भाषण तेवढंच. मला मराठीच जास्त पटला, आणि त्याचं बरंचसं श्रेय तुळसाबाईला.

हल्ली हातात कॅमेरा असलेला फोन आला आणि प्रत्येक तालुक्यात भुताचे छोटे सिनेमे काढणारी पोरं तयार झाली. पांढरी साडी, मोकळे केस, घाटातलं वळण, आणि कुत्र्याचं रडणं. त्यांच्या व्हिडिओखाली येणारं मत एकच: ‘भेव नाही वाटलं.’ मग पोरं आवाज वाढवतात, पावडर वाढवतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की साडीचा खर्च राहू द्या. ती बाई घाटात उभी का आहे, तिला तिथं कुणी सोडलं, आणि ती गाडीला हात करते तेव्हा तिला कुठं जायचंय, हे आधी ठरवा आणि मगच कॅमेरा लावा.